हिंदू स्त्रियांच्या संपत्ती हक्काचा विकास : महाराष्ट्राच्या संदर्भात

प्रस्तावना :
कृषिप्रधान समाजात स्त्रीच्या आर्थिक स्वातंत्र्याचा मुख्य आधार जमीन हाच असतो. हिंदू स्त्रीला हा आधार कायद्याने टप्प्याटप्प्याने दिला. परंतु कायद्याने मिळालेला हिस्सा सातबारा उताऱ्यावर टिकतोच असे नाही. प्रस्तुत लेखात या विकासक्रमाचा आढावा घेतला आहे.

१९५६ पूर्वीची स्थिती :
मिताक्षरा पद्धतीत एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हक्क केवळ पुरुषांना होता. मुंबई इलाख्यात मात्र नीलकंठाच्या 'व्यवहारमयूख' या ग्रंथास मान्यता होती. तेथे मुलगी व बहीण यांना वारसाने आलेली संपत्ती पूर्ण मालकीने मिळे. विधवेचा हक्क हयातीपुरताच असे. डॉ. जी. व्ही. देशमुख यांच्या प्रयत्नांतून झालेल्या १९३७ च्या कायद्याने विधवेस पतीचा हिस्सा मिळाला, पण तोही मर्यादित मालकीचाच.

१९५६ चा कायदा :
हिंदू संहिता विधेयक रखडल्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ मधील कलम १४ ने स्त्रीची मर्यादित मालकी पूर्ण केली. मात्र कलम ६ ने पुरुषांची सहदायकी कायम ठेवली. उदाहरणार्थ, वडिलोपार्जित ८ एकर जमीन असलेला विधुर मृत्युपत्र न करता वारला व मागे एक मुलगा व एक मुलगी राहिली, तर प्रथम बाप व मुलगा यांचे प्रत्येकी ४ एकर धरले जात आणि बापाच्या ४ एकरांतून मुलीस २ एकर मिळत. मुलाकडे ६ एकर राहत.

१९९४ ते २०२० :
महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीस सहदायक मानले. पण त्यापूर्वी विवाह झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद संपविला. वरील उदाहरणात आता दोघांना प्रत्येकी ४ एकर मिळतात. विनीता शर्मा खटल्यात (११ ऑगस्ट २०२०) सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मसिद्ध असून त्यासाठी २००५ मध्ये पिता हयात असणे आवश्यक नाही, असे स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी कायदेशीररीत्या झालेली वाटणी मात्र अबाधित राहते.

हक्कसोडपत्राचा प्रश्न :
वडिलांच्या पश्चात वारसनोंदीने मुलीचे नाव सातबाऱ्यावर येते. नोंदणीकृत हक्कसोडपत्र झाले की फेरफाराने ते कमी होते. माहेर तुटेल या भीतीने व साडीचोळीच्या मानावर अनेक बहिणी सही करतात. माढा तालुक्यातील टेंभुर्णीसारख्या, उजनीचे पाणी व पुणे-सोलापूर महामार्ग लाभलेल्या परिसरात या सहीचे मोल मोठे आहे. हक्क सोडल्यानंतर जमिनीच्या विक्रीत वा भूसंपादनाच्या मोबदल्यात बहिणीस वाटा मागता येत नाही. फसवणूक वा दडपण सिद्ध करण्याचा भारही तिच्यावरच पडतो.

निष्कर्ष :
कायद्याने मुलगा व मुलगी यांत समानता आणली आहे. यापुढील प्रश्न संमतीचा आहे. सही करण्यापूर्वी आपला हिस्सा किती, हे स्त्रीस माहीत असेल, तरच तो त्याग खऱ्या अर्थाने स्वेच्छेचा ठरेल. हे ज्ञान विद्यार्थिनींपर्यंत पोहोचविणे, ही ग्रामीण महाविद्यालयांची जबाबदारी ठरते.