ग्राफीन : मालाचे नाव नको, हुनर विचारा

माहूरच्या बाजारात मिक्सर किंवा ड्रिल दुरुस्त करणाऱ्या कारागिराला मोटारीतला कार्बन नवा नाही. तो झिजला की मोटार बसते. या कार्बनमध्ये सहसा ग्रॅफाइट असते. पेन्सिलीच्या शिसातही तेच. त्याचा एकाच अणूच्या जाडीचा पापुद्रा म्हणजे ग्राफीन. मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम व कॉन्स्टंटिन नोवोसेलोव्ह यांनी २००४ साली तो चिकटपट्टीने सोलून वेगळा केला व २०१० चे नोबेल पारितोषिक मिळवले.

आता बॅटरी, वंगण, गाडीचे पॉलिश अशा मालावर ग्राफीनचे नाव झळकते. व्यापारी बांधवांनी जादा दाम मोजण्यापूर्वी ध्यानी घ्यावे की, सगळे ग्राफीन सारखे नसते.

मोठ्या प्रमाणात माल काढण्यासाठी ग्रॅफाइटवर गंधकाम्ल व पोटॅशियम परमँगनेटची प्रक्रिया करतात. ही हमर्स पद्धत १९५८ ची. तीतून ग्राफीन ऑक्साइड मिळते. पण कार्बनला ऑक्सिजन चिकटल्याने त्यातून वीज जवळजवळ वाहत नाही. ऑक्सिजन काढल्यावर वहन बरेच परत येते, पण पापुद्र्यात दोष राहतात.

दुसरा मार्ग परक्या अणूंचा. बंगलोरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात प्रा. सी. एन. आर. राव यांच्या गटाने २००९ साली ग्राफीनमध्ये नायट्रोजन व बोरॉन बसवले. नायट्रोजन एक इलेक्ट्रॉन जादा आणतो, बोरॉन एक कमी. दोन्हींमुळे वीज वाहणारे कण वाढू शकतात. मात्र प्रमाण भाजीतल्या मिठासारखे हवे. जास्त झाले तर हेच अणू वाटेतले धोंडे ठरतात. पीएच.डी.नंतरही तरुण संशोधक वर्षानुवर्षे झटतात ते हे प्रमाण साधण्यासाठीच.

कच्चा माल महागच लागतो असेही नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत २०१३ साली वाळलेल्या पानांपासून वीज साठवणारा कार्बन तयार झाला. तो ग्राफीन नव्हे, पण त्याच कुळातला. पाला फुकटचा, किंमत हुनराची.

म्हणून आम्ही सुचवतो : विक्रेत्याला विचारा, ग्राफीन कोणते, किती टक्के, आणि तपासणीचा कागद आहे काय? उत्तर नसेल तर नावाचे पैसे देऊ नका. आणि घरातील मुलगा-मुलगी रसायन किंवा पदार्थविज्ञानात हुशार असेल, तर बी.एस्सी.वर थांबवू नका. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात आहे. बापाने कार्बन बदलला. लेकरांनी तो घडवावा.