कर्ल चाचणीसंच
कर्ल चाचणीसंच ही कर्ल या मुक्तस्रोत आज्ञावलीची अचूकता तपासणारी व्यवस्था आहे. सर्व्हरला विनंती पाठवून प्रतिसाद आणण्याचे काम कर्ल करते. स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी ती १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. तिचा गाभा असलेली लिबकर्ल ही लायब्ररी मोबाइल फोन, दूरचित्रवाणी संच, मोटारी इत्यादींत वापरली जाते. त्यामुळे तिच्यातील एका दोषाचा परिणाम दूरवर पोहोचू शकतो.

रचना
चाचणी बाहेरच्या संकेतस्थळावर घेतल्यास आणि ते बंद असल्यास चूक कोणाची हे कळत नाही. म्हणून हा संच त्याच संगणकावर स्वतःचे छोटे सर्व्हर चालवतो. प्रत्येक चाचणी ही एक मजकूर-फाइल असते. तीत सर्व्हरने द्यायचे उत्तर, कर्लला द्यायची आज्ञा आणि अपेक्षित निकाल नोंदवलेले असतात. कर्लने प्रत्यक्ष पाठवलेली विनंती या निकालाशी ताडून पाहिली जाते. नव्या चाचणीसाठी बहुधा नवी फाइल पुरते. यंत्रणा तीच राहते.

टॉर्चर चाचणी
या प्रकारात एकच चाचणी पुनःपुन्हा चालवून दर वेळी मेमरीची एक वेगळी मागणी मुद्दाम नाकारली जाते. तरीही कर्ल कोसळू नये आणि घेतलेली मेमरी परत करावी, अशी अपेक्षा असते. असा प्रसंग प्रत्यक्षात क्वचितच येतो. म्हणूनच तो चाचणीत घडवून आणावा लागतो.