दोन जिवांची सहल

18 जून 2017. सौदीतल्या दम्मामहून कोचीला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात एका प्रवासी बाईला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. वैमानिकाने विमान मुंबईकडे वळवलं, पण बाळ काही मुंबईची वाट बघायला तयार नव्हतं. विमानातले कर्मचारी आणि प्रवाशांमधली एक नर्स यांनी मिळून आकाशातच बाळंतपण केलं. मुलगा झाला. मायलेकांना मुंबईत उतरवून रुग्णालयात नेलं आणि कंपनीने कौतुकाने बाळाला आयुष्यभराचा मोफत विमानप्रवास जाहीर केला. पुढे एप्रिल 2019 मध्ये कंपनीच बंद पडली. तेव्हा बाळ दोन वर्षांचंही झालं नव्हतं. म्हणजे ज्या वयात पूर्ण तिकीट लागतच नाही, त्याच वयात हा आयुष्यभराचा पास संपला.

अशा बातम्या चवीने वाचल्या जातात आणि मग घरोघरी गरोदर बाईचं विमानाचं तिकीट रद्द होतं. प्रत्यक्षात विमानात बाळंत होणं ही फारच दुर्मीळ गोष्ट आहे आणि कंपन्यांचे नियमही ती तशीच राहावी म्हणून बेतलेले असतात. बहुतेक भारतीय विमान कंपन्या साधारण 32 आठवड्यांपर्यंत फारसं काही विचारत नाहीत. त्यानंतर प्रवासाला हरकत नसल्याचं डॉक्टरांचं पत्र लागतं आणि 36 आठवड्यांच्या आसपास दार बंद होतं. जुळं असेल तर ते आणखी आधी. प्रत्येक कंपनीचा आकडा थोडा वेगळा असतो, म्हणून तिकीट काढण्याआधी तो बघावा आणि परतीच्या तारखेलाही लावून बघावा. जाताना 31 आणि येताना 33 आठवडे झालेली बाई परक्या गावच्या काउंटरवर अडकते. आणखी एक गोंधळ मोजणीचा. घरात महिने मोजतात, काउंटरवर आठवडे. ‘आत्ताच तर आठवा लागलाय’ हे उत्तर तिथे चालत नाही. पत्रावर किती आठवडे झाले, बाळ एक की दोन, अपेक्षित तारीख कोणती आणि पत्र कधी दिलं, हे स्पष्ट लिहिलेलं लागतं. पत्रही ताजं हवं.

‘बेबीमून’, म्हणजे बाळंतपणाआधीची सहल, हा शब्द आपल्याकडे आता आला. गरोदर बाईचा प्रवास मात्र महाराष्ट्राला नवा नाही. सातव्यात डोहाळजेवण झालं, ओटी भरली की पहिलटकरणीला बाळंतपणासाठी माहेरी पोचवायचं, ही रीत आजही अनेक घरांत आहे. ती पोचत असे एसटीने, घाटातून, मांडीवर पिशवी आणि पदराखाली आवळासुपारीची पुडी घेऊन. त्या प्रवासाला कुणी सहल म्हटलं नाही, म्हणून त्यात कुणाला धाडसही दिसलं नाही. वैद्यकाच्या हिशेबाने मात्र हा प्रवास तसा उशिराचा. 14 ते 28 आठवडे हा काळ हिंडायला सगळ्यात बरा मानतात. उलट्या थांबलेल्या असतात, अंगात तरतरी आलेली असते, पोट अजून चालण्याच्या आड येत नसतं आणि वेळेआधी कळा येण्याची शक्यताही कमी असते. त्यातही बाळाचे अवयव नीट तपासणारी 18 ते 20 आठवड्यांच्या सुमाराची सोनोग्राफी उरकून निघावं, म्हणजे मनावर ओझं राहत नाही.

पहिल्या तीन महिन्यांबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. कळलेल्या गर्भधारणांपैकी शंभरातल्या दहा ते पंधरा या काळात आपसूक संपतात आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक वेळा कारण गर्भाच्या गुणसूत्रांमध्येच असतं. नेमकं त्या सुमारास बाई कुठे जाऊन आलेली असली की सगळं खापर त्या प्रवासावर फुटतं. ‘रिक्षाचे धक्के बसले’, ‘सांगत होते, नको जाऊ’ हे तिला पुढे वर्षानुवर्षं ऐकावं लागतं. खड्ड्यातल्या रिक्षेने कंबर दुखते, मळमळ वाढते, जीव नकोसा होतो, हे सगळं खरं. पण निरोगी गर्भ अशा धक्क्यांनी सुटून येत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ‘सांगत होते, नको जाऊ’ हे वाक्य कायमचं मागे घेतलं, तर कितीतरी बायकांच्या डोक्यावरचा दोष उतरेल.

विमानाच्या उंचीची भीतीही अशीच. विमान 35 हजार फुटांवर असलं तरी आतली हवा सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखी राखलेली असते. आईच्या रक्तातला प्राणवायू किंचित उतरतो, पण गर्भाचं हिमोग्लोबिन मोठ्या माणसापेक्षा जास्त घट्टपणे प्राणवायू धरून ठेवतं, त्यामुळे बाळाला त्याचा पत्ताही लागत नाही. तीव्र रक्तक्षय किंवा हृदयाचा, फुप्फुसाचा आजार असलेल्या बाईची गोष्ट वेगळी. तिने डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. विमानात जपायचं ते पायांना. गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, शिरेत गुठळी होण्याचा धोका एरवीपेक्षा चार ते पाच पट होतो आणि चार तासांहून लांबच्या प्रवासात एकाच जागी बसून राहिल्याने त्यात भर पडते. म्हणून कडेची सीट घ्यावी, तासा-दीड तासाने उठून फेरी मारावी, पाणी प्यावं, डॉक्टरांनी सांगितले असतील तर दाबाचे मोजे घालावेत. शेजारच्याला सारखं उठवावं लागतं म्हणून संकोचू नये. एकाच पोटरीला सूज आली, ती दुखायला लागली किंवा एकाएकी धाप लागली, तर ते थकव्यावर ढकलू नये.

मराठी कुटुंबाची सहल मात्र बहुतेकदा गाडीनेच निघते आणि तिथे वर्षानुवर्षांची एक चुकीची समजूत आड येते: पोट आहे, पट्टा नको. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. मागच्या सीटवरचे दोघे दगावले आणि दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर 1 नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी मागच्यांनाही पट्ट्याची सक्ती केली. गरोदर बाईला तर तो दुप्पट हवा. गाडी जोरात आदळली तर वार गर्भाशयापासून सुटू शकते, वरून एक ओरखडाही नसताना. पट्टा लावायची रीत अशी: खालची पट्टी पोटाच्या फुगीर भागावरून न नेता त्याच्या खालून, मांड्या सुरू होतात तिथे कमरेच्या हाडांवर चपटी बसवायची. वरची पट्टी दोन्ही स्तनांच्या मधून पोटाच्या कडेने खाली आणायची. पट्टा काखेखालून काढायचा नाही, की पाठीमागे सारायचा नाही. साडी किंवा जाड स्वेटर मध्ये चुरगळलेला असेल तर आधी सारखा करून घ्यायचा. एवढं करायला अर्धं मिनिट लागत नाही. घाटातून दोन तास सलग जाण्यापेक्षा मध्ये उतरून पाय मोकळे करावेत. मुंबई–गोवा महामार्गावर तर रस्ताच अधूनमधून तशी सक्ती करतो.

रेल्वे त्या मानाने सुखाची. हिंडता येतं, आडवं होता येतं, स्वच्छतागृह हाताशी असतं, मग ते कसंही का असेना. ज्येष्ठ नागरिक, पंचेचाळिशीपुढच्या स्त्रिया आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा एकत्र कोटा आहे: स्लीपरच्या डब्यात सहा-सात, थर्ड एसीत चार-पाच, सेकंड एसीत तीन-चार. गरोदर बाईने डॉक्टरांचा दाखला घेऊन आरक्षण खिडकीवर तिकीट काढलं तर त्याचा फायदा मिळतो. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून जायची मुभाही गरोदर स्त्रियांना आहे. ती अनेकींना ठाऊक नसते. ठाऊक असली तरी डब्यात आधीच चढून बसलेल्या धडधाकट पुरुषांना ती पटवून द्यावी लागते.

आता ज्याची चर्चा सगळ्यात कमी होते ते: पाणी. घरचे पपईवर लक्ष ठेवून असतात, पण ढाब्यावरच्या जगाकडे त्यांचं लक्ष नसतं. दूषित पाण्यातून पसरणारी हेपटायटिस ई ही कावीळ एरवी बहुतेकांना काही आठवड्यांत सोडून जाते. गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत ती झाली, तर शंभरातल्या वीस ते पंचवीस जणींच्या जिवावर बेतू शकते. एवढा मोठा फरक क्वचितच एखाद्या आजारात दिसतो. ती कुठल्या दूर देशातली साथ नाही. 2012 मध्ये इचलकरंजीत याच काविळीने थैमान घातलं होतं. म्हणून प्रवासात उकळलेलं किंवा सीलबंद पाणी प्यावं आणि उसाच्या रसातला बर्फ, पाणीपुरीचं पाणी, उघड्यावरची कापलेली फळं यांच्याकडे पाठ फिरवावी. डोहाळे पाणीपुरीचेच लागलेले असतील तर ती घरी करावी.

डासांचंही तेच. 2021 च्या जुलैत पुरंदर तालुक्यातल्या बेलसरमध्ये राज्यातला पहिला झिका रुग्ण सापडला. त्याच महिन्यात केरळातही साथ होती. 2024 च्या पावसाळ्यात पुणे शहरातल्या रुग्णांमध्ये गरोदर स्त्रियाही होत्या. झिका आईला थोडाफार ताप आणि पुरळ देऊन जातो, पण गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटवू शकतो, हे ब्राझीलने 2015-16 मध्ये पाहिलं. त्याचा डास दिवसा चावतो, तेव्हा फक्त रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही. साथीच्या देशात जाऊन आलेल्या नवऱ्याकडूनही हा विषाणू येऊ शकतो, त्यामुळे खबरदारी दोघांनी घ्यायची. केनियाच्या सफारीचं मनात असेल तर तेही पुढे ढकलावं. तिथून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचा दाखला मागतात, ती लस जिवंत विषाणूची असते आणि गरोदरपणी ती सहसा टाळतात. शिवाय तिथे मलेरिया आहे, जो गरोदर बाईला जास्त जोरात धरतो.

मग जावं कुठे? महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आत-बाहेर, त्या उंचीने काही होत नाही. लेह साडेअकरा हजारांवर, तिथे न गेलेलं बरं. अमरनाथ यात्रेला तर सहा आठवड्यांपुढच्या गरोदर स्त्रीची नोंदणीच होत नाही. दापोली, गणपतीपुळे, तारकर्ली सगळं उत्तम. फक्त तारकर्लीला बाकीची मंडळी स्कुबासाठी पाण्यात उतरतील तेव्हा तिने काठावर शहाळं घेऊन बसावं. खोल पाण्यातून वर येताना रक्तात होणारे बुडबुडे गर्भाला झेपत नाहीत. वज्रेश्वरी किंवा उन्हवऱ्याच्या गरम कुंडात बसणं टाळावं, पहिल्या तिमाहीत तर नक्कीच. माथेरान रम्य आहे खरं, पण गाड्या थांबतात त्या दस्तुरीपुढे घोड्यावर बसू नये, कारण घोड्यावरून पडणं परवडणारं नाही.

सहलीच्या या गप्पांमध्ये एका प्रवासाची नोंद राहून जाते. दसरा-दिवाळीनंतर बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांत गरोदर बायकाही असतात. ट्रॉलीत संसार लादून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जायचं, कोपीत, म्हणजे झोपडीत, राहायचं, पहाटे उसाच्या फडात उतरायचं. गावच्या आशाताईंकडची नोंद गावीच राहते आणि पुढच्या तपासण्या चुकतात. चौदा आठवडे की अठ्ठावीस, हे निवडायची सोय तिला नाही. वर सांगितलेले सगळे धोके मात्र तिलाही तसेच लागू आहेत, आणि विश्रांतीचा सल्ला देणारं कुणी जवळ नसतं.

ज्यांना निवड आहे त्यांनी हॉटेल ठरवण्याआधी एक गोष्ट बघावी: तिथून सीझेरियन आणि रक्ताची सोय असलेलं रुग्णालय किती तासांवर आहे. सिंधुदुर्गातल्या अनेक गुंतागुंतीच्या बाळंतिणींना आजही गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात न्यावं लागतं; समुद्राकाठच्या खोलीतून तो रस्ता किती लांब पडतो, हे आधी नकाशावर बघून घ्यावं. परदेशी जाणाऱ्यांनी विम्याची बारीक अक्षरं वाचावीत, कारण बऱ्याच प्रवासविम्यांत बाळंतपण आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा खर्च धरलेलाच नसतो. फाइल बॅगेत नव्हे, खांद्याच्या पर्समध्ये हवी: सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगट, रक्तदाबाच्या नोंदी, चालू गोळ्यांची नावं. त्यांचे फोटो नवऱ्याच्या फोनमध्येही असू द्यावेत.

अंगावरून रक्त गेलं, पाणमोट फुटली, पोट ठरावीक अंतराने कडक व्हायला लागलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर सहल तिथेच थांबवावी आणि घरी पोचून बघू असं म्हणू नये. महाराष्ट्रात कुठूनही 108 फिरवता येतो. महामार्गावरून फोन करताना कुठल्या दिशेने चालला आहात ते आणि रस्त्याकडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा आधी सांगा, म्हणजे रुग्णवाहिका उलट्या बाजूला शोधत फिरणार नाही.