फलकावर नसलेले नाव

मोठ्या शहरांच्या उपनगरांतून फिरताना ‘टेस्ट ट्यूब बेबी सेंटर’ असा एखादा फलक हमखास दिसतो. त्यावर स्त्रीरोगतज्ज्ञाचे नाव, पदव्यांची माळ आणि हसऱ्या बाळाचे चित्र असते. परंतु स्त्रीबीज शरीराबाहेर काढल्यापासून तयार भ्रूण गर्भाशयात सोडेपर्यंतचे तीन ते पाच दिवस ज्याच्या हाती असतात, त्या भ्रूणतज्ज्ञाचे नाव तेथे क्वचितच आढळते. दागिने मोडून, कर्ज काढून उपचार घेणाऱ्या अनेक दाम्पत्यांची या व्यक्तीशी भेटही होत नाही. ती हे काम कोठे शिकली, किती काळ आणि कोणाच्या हाताखाली, हा प्रश्न मग विचारणार तरी कोण?

ही उपेक्षा या शास्त्राइतकीच जुनी आहे. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे लुईस ब्राऊनचा जन्म झाला, तेव्हा जगाने दोन नावे ऐकली: शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स आणि शल्यविशारद पॅट्रिक स्टेप्टो. तिसरे नाव जीन पर्डी यांचे. त्या मूळच्या परिचारिका. प्रयोगशाळेत काम करता करता त्या भ्रूणसंवर्धन शिकल्या आणि लुईसच्या भ्रूणाचे विभाजन सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम त्यांनीच पाहिले. ओल्डहॅमच्या रुग्णालयातील स्मृतिफलकावर त्यांचेही नाव असावे, असा आग्रह एडवर्ड्स यांनी धरला होता. तरीही ते वगळले गेले. मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात जन्मलेल्या बालिकेमागेही डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्याबरोबर परळच्याच ‘इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शन’मधील डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या चमूचे परिश्रम होते. याच आनंद कुमार यांनी पुढे कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या १९७८ मधील कार्याला न्याय मिळवून दिला, हे जाता जाता नमूद करावयास हवे.

भ्रूणतज्ज्ञाचे काम किती नाजूक असते, हे १९९२ मध्ये ब्रुसेल्सहून जगापुढे आलेल्या ‘इक्सी’ या तंत्रावरून कळते. शुक्रजंतूंची संख्या वा हालचाल अगदी कमी असेल, तर एकच शुक्रजंतू सुईने स्त्रीबीजात सोडतात. स्त्रीबीजाचा व्यास मिलिमीटरच्या जेमतेम आठव्या भागाएवढा आणि शुक्रजंतूचे डोके त्याच्याही विसाव्या-पंचविसाव्या हिश्श्याएवढे असते. एका काचनळीने हलके शोषण देऊन स्त्रीबीज स्थिर धरावयाचे, शुक्रजंतूची शेपटी सुईने दाबून त्याला निश्चल करावयाचे आणि मग तो सुईत ओढून घ्यावयाचा. स्त्रीबीजाच्या कडेला ध्रुवकाय नावाचा छोटा गोळा असतो आणि गुणसूत्रांची नाजूक मांडणी बहुधा त्याच्या आसपास असते. तिला धक्का लागू नये म्हणून ध्रुवकाय घड्याळातल्या बारा किंवा सहाच्या जागी आणून सुई तीनच्या बाजूने घालतात. स्त्रीबीजाचे पटल सुईने लगेच फुटत नाही, रबरासारखे आत ताणले जाते. किंचित शोषण करून ते फोडावे लागते. शोषण जास्त झाले तर स्त्रीबीज मरते, कमी झाले तर शुक्रजंतू पटलाबाहेरच राहतो. हा ‘किंचित’ म्हणजे किती, हे पुस्तकात वाचून कळत नाही. हे सारे चालू असताना तापमान ३७ अंशांच्या आसपास राखावयाचे असते आणि स्त्रीबीजे इन्क्युबेटरबाहेर राहिलेला प्रत्येक मिनिट मोजावयाचा असतो. हवेतील रसायने भ्रूणाला बाधतात, म्हणून अत्तर लावून या खोलीत शिरण्यासही मनाई असते.

कौशल्य मोजण्याचे निकष उपलब्ध आहेत. २०१७ मध्ये तज्ज्ञांनी व्हिएन्ना येथे मांडलेल्या मानकांनुसार इक्सीत दहा टक्क्यांहून अधिक स्त्रीबीजे निकामी होता कामा नयेत. उत्तम प्रयोगशाळेत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत असावे. फलनाचे प्रमाण किमान ६५ टक्के असावे आणि ते ८० टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट असावे. टक्केवारी कागदावर निरुपद्रवी वाटते. परंतु चाळिशीकडे झुकलेल्या स्त्रीला एका उपचारचक्रात कधी कधी तीन-चारच स्त्रीबीजे मिळतात. त्यांतील एक शिकाऊ हाताने गमावणे म्हणजे काय, हे तिलाच विचारावे.

मग शिकावयाचे कोणावर? शिस्तीच्या प्रयोगशाळेत उमेदवार आधी वीर्य तपासणे, शुक्रजंतू धुऊन वेगळे करणे शिकतो. सुई हाती येते ती पुष्कळ नंतर, आणि तीही प्रथम प्राण्यांच्या किंवा उपचारास निरुपयोगी ठरलेल्या मानवी स्त्रीबीजांवर. मानवी स्त्रीबीज वापरावयाचे तर दाम्पत्याची लेखी संमती हवी. त्यानंतर ज्येष्ठाच्या नजरेखाली एखाद-दुसरे उपयुक्त स्त्रीबीज हाताळावयास मिळते. याला वर्षे लागतात. त्यामुळे दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळेअखेर मिळणाऱ्या प्रमाणपत्राकडे पाहताना सावध राहिलेले बरे. अशा कार्यशाळेत उपकरणांची ओळख होते, हात तयार होत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आखली होती, पण त्यांना कायद्याचे बळ नव्हते. ते आले २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान नियमन कायद्याने. तो २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला आणि त्याच वर्षी नियमही आले. त्यांनुसार आयव्हीएफ करणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाने प्रशिक्षित तज्ज्ञाच्या देखरेखीखाली स्त्रीबीजे काढण्याच्या ५० प्रक्रिया केलेल्या असाव्यात, किंवा या विषयातील उच्च शिक्षण आणि अनुभव असावा. भ्रूणतज्ज्ञाकडे या विषयाची पदव्युत्तर पदवी आणि प्रयोगशाळेतील तीन वर्षांचा अनुभव हवा. जीवशास्त्रातील पदव्युत्तर उमेदवारासाठी वर्षभराचे पूर्णवेळ प्रशिक्षण आणि चार वर्षांचा अनुभव, अशीही वाट आहे. ही मोठी सुधारणा आहे. तरी एक गोष्ट खटकते. डॉक्टरांच्या प्रक्रिया मोजल्या गेल्या, भ्रूणतज्ज्ञाची मात्र मुख्यतः वर्षेच मोजली. वर्षभरात कोणी शेकडो स्त्रीबीजे हाताळतो, कोणी नुसत्या नोंदी ठेवतो. युरोपातील प्रजननशास्त्र संघटना २००८ पासून भ्रूणतज्ज्ञांना प्रमाणित करते, तेव्हा परीक्षेबरोबर केलेल्या कामाची नोंदवहीही मागते.

प्रशिक्षणात हाताइतकीच महत्त्वाची असते ती नोंदींची शिस्त. इंग्लंडमध्ये लीड्स येथे एका स्त्रीच्या बीजात परक्या पुरुषाचे शुक्रजंतू सोडले गेल्याचे २००२ मध्ये उघडकीस आले, तेव्हा जुळी बाळे जन्मली होती. प्रत्येक टप्प्यावर दुसऱ्या व्यक्तीने नावे पडताळून सही करण्याची पद्धत अशाच चुका टाळण्यासाठी असते.

म्हणून उपचार सुरू करण्यापूर्वी भ्रूणतज्ज्ञाला भेटण्याची विनंती दाम्पत्याने अवश्य करावी. ते पूर्णवेळ तेथेच असतात की अनेक केंद्रांत फिरतात, इक्सीनंतर त्यांच्याकडे किती टक्के स्त्रीबीजे टिकतात, किती फलित होतात आणि पडताळणीची दुसरी सही कोणाची असते, हे विचारावे. चांगल्या केंद्रात ही आकडेवारी महिन्याच्या महिन्याला काढलेली असते, आणि ती दाखवावयास तेथे कोणी कां-कूं करीत नाही.