बर्फातली नेल

पडद्यावरची बाई संकटात सापडायची आणि हिरोने धावत यायचं, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय! पण नेल शिपमनने १९१९ सालीच हे उलटं करून दाखवलं होतं. मूळ कथा एका कुत्र्याची. पटकथा लिहिताना नेलने ती नायिकेची केली आणि भूमिकाही स्वतःच केली. लेखकमहाशय रुसले म्हणे!

चित्रपट ‘बॅक टू गॉड्स कंट्री’, शूटिंग कॅनडात, गोठलेल्या लेसर स्लेव्ह तळ्यावर. फ्रीजमधला बर्फ दोन मिनिटं हातात धरून बघा, मैत्रिणींनो! तिथल्या थंडीत नायक रोनाल्ड बायरम न्यूमोनियाने गेला. काम थांबलं नाही. चित्रपट मात्र तुफान चालला.

पुढे नेलने स्वतःची कंपनी काढली. १९२२ साली लेकाला, अस्वलांना नि कुत्र्यांना घेऊन आयडाहोतल्या प्रीस्ट तळ्याकाठी राहायला गेली. हिवाळ्यात वाटा बंद, पैसा संपलेला, आणि खाणारी तोंडं एवढी! १९२५ पर्यंत कंपनी बुडाली. उरलेले प्राणी सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात गेले.

नेल नंतरही लिहीत राहिली. १९७० साली ती गेली. आत्मचरित्र छापलं गेलं १९८७ मध्ये.