चितकबऱ्या मनी प्लांटची घरातली निगा

मनी प्लांट हा अळू आणि सुरण यांच्याच कुळातला वेल. शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम, मूळ ठिकाण प्रशांत महासागरातले मोओरेआ बेट. उष्ण, दमट रानात तो मुळ्यांनी खोडाला धरून झाडावर चढतो. उंचावर गेल्यावर त्याची पाने हातभर लांब होतात आणि कडांना फाटतात. कुंडीत मात्र ती लहान आणि हृदयाकृतीच राहतात. हा वेल सहसा फुलत नाही. फुलोऱ्यासाठी लागणारे जिबरेलिन हे संप्रेरक त्याच्यात पुरेसे तयार होत नाही, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. त्यामुळे घरोघरची रोपे वेलाच्या तुकड्यांपासूनच वाढवलेली असतात.

पिवळ्या शिंतोड्यांचा ‘गोल्डन’, पांढऱ्या रेघोट्यांचा ‘मार्बल क्वीन’ आणि ठळक पांढऱ्या कडांचा ‘एन जॉय’ हे चितकबरे प्रकार रोपवाटिकांत सहज मिळतात. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसते, म्हणून तो अन्न तयार करू शकत नाही. हिरवा भाग कमावतो आणि पांढऱ्यालाही पोसतो. निगेचे बरेचसे नियम या एका गोष्टीतून निघतात.

पहिली गरज उजेडाची. कमावणारा भाग थोडा असल्याने चितकबऱ्या वेलाला साध्या हिरव्या वेलापेक्षा जास्त प्रकाश लागतो. अंधाऱ्या कोपऱ्यात त्याची वाढ मंदावते, पेरांमधले अंतर वाढते आणि नवी पाने हिरवी होत जातात. पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली. पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या खिडकीत मध्ये पातळ पडदा हवा, कारण कडक उन्हात पांढरा भाग आधी करपतो आणि तपकिरी डाग पुन्हा भरून येत नाहीत. पावसाळ्यात आभाळ दिवसचे दिवस भरलेले असते, तेव्हा कुंडी खिडकीच्या अगदी जवळ सरकवावी.

वाढ सावकाश, म्हणून पाण्याची गरजही कमी. वरची दोन-तीन सेंटिमीटर माती कोरडी लागली की तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावे आणि ताटलीत साठलेले ओतून टाकावे. वार ठरवून पाणी घालण्यापेक्षा बोटाने माती तपासणे खात्रीचे. माती सतत ओली राहिली की मुळे कुजतात आणि खालची पाने पिवळी पडू लागतात. बागेची माती, कोकोपीट आणि गांडूळखत समप्रमाणात घेऊन त्यात थोडे परलाइट किंवा जाडी वाळू मिसळली की पाणी चांगले निथळते. खत वाढीच्या काळातच, पुडीवर सांगितलेल्या प्रमाणाच्या निम्मे, महिन्यातून एकदा पुरते. एसीचा थेट झोत मात्र टाळावा. त्याने पानांच्या कडा सुकतात.

छाटणी हा या वेलाच्या निगेतला खरा कौशल्याचा भाग. एखादी फांदी सलग हिरवी पाने देऊ लागली तर ती जोमाने वाढून चितकबऱ्या फांद्यांवर मात करते. अशी फांदी शेवटच्या चितकबऱ्या पानाच्या लगेच वर कापावी. पूर्ण पांढरी पाने देणारी फांदीही ठेवू नये. ती स्वतःचे अन्न करू शकत नाही आणि वेलावर भार होते. नवे रोप करायचे तर हिरवा-पांढरा तोल साधलेला तुकडा निवडावा. त्याला एक पेर आणि शक्यतो एक हवाई मूळ हवे; पेर नसलेले नुसते पान पाण्यात टिकले तरी त्यातून वेल फुटत नाही.

पानांवर धूळ बसली की उजेड अडतो, म्हणून ओल्या फडक्याने ती पुसत राहावी. देठाच्या बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर तो ओल्या बोळ्याने काढावा. मग लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा द्रव साबण मिसळून संध्याकाळी फवारावे, आठवड्याने पुन्हा एकदा.

वेल मातीऐवजी पाण्याच्या बाटलीत वाढवला असेल, तर ते पाणी आठवड्यातून एकदा तरी बदलावे आणि बाटली आतून घासावी. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात, भांड्याच्या कडेला अंडी घालतो. या वेलाच्या पानांत अळूसारखेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावले तर तोंडाची आग होते आणि सूज येते. म्हणून घरात लहान मूल, मांजर किंवा कुत्रा असेल, तर वेल त्यांच्या हाती-तोंडी लागणार नाही अशा उंचीवर टांगावा.