आहारविषयक लेखांची पारख

मराठवाड्यांत बाजरीची भाकरी घरोघरीं होते. तिच्यांतील लोहाविषयीं लेखही पुष्कळ येतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या १९८९ च्या सुधारलेल्या ग्रंथांत १०० ग्रॅम बाजरींत ८ मिलिग्रॅम लोह दिलें आहे. तिच्याच २०१७ च्या कोष्टकांत तें सुमारें ६.४ आहे. नमुने व मोजण्याच्या रीती बदलल्या, तसा आंकडाही बदलला. शिवाय हा आंकडा कोरड्या धान्याचा. पाणी घालून थापलेल्या भाकरीचा नव्हे. यास्तव लेखकानें आंकड्यासोबत मूळ ग्रंथ, वर्ष व वजन सांगावें; वाचकानेंही तें पाहूनच विश्वास ठेवावा. अंगांत रक्त कमी असलेल्या मुलीला अशा निराधार आंकड्याच्या भरंवशावर नुसती भाकरी देऊन डॉक्टरांची तपासणी लांबविली, तर त्या निष्काळजीपणाचें फळ तिलाच भोगावें लागतें.